शिवेपार गेलेला गाडा

“करणी कुणाची, तेवढं नाव सांगा बाबा.”

मुरारी पाटलानं चिखलानं माखलेला ओला कपडा दर्याशाबाबांच्या पुढ्यात टाकला. बोरवंडची माणसं ओढ्यात झिरे खणून पाणी पितात. त्यातल्या एका झिऱ्यात सकाळी हा सापडला होता.

बाबा टेकडीवरच्या तकियात, आपल्या फकिरी झोपडीत, चुलीपुढं बसले होते. चुलीवर पाण्याचं मडकं रटरटत होतं. मुरारी स्वतःला त्यांचा पहिला चेला म्हणवायचा. त्याला प्रश्न विचारायची सवय होती, उत्तर ऐकायची नव्हती.

“पटकी परत आलीय गावात, जुलाब-ओकाऱ्या सुरू झाल्यात. रोग गावाबाहेर जावा म्हणून मरीआईचा गाडा मी स्वतः शिवेपार नेला. हलगी लावून. निवद, नारळ, आजाऱ्यांच्या अंगावरचे कपडे... सगळं गाड्यात घातलं. मागं काही ठेवलं नाही.”

“शिवेपार म्हणजे कुठं?”

“खैरीच्या हद्दीत.”

“मग खैरीत लागली?”

“लागली असंल. आपल्याला काय.”

“पुढं?”

“पुढं काय... त्यांनी त्यांचे कपडे घातले आणि दिला ढकलून माळेवाडीला. रीतच आहे.”

“आणि माळेवाडीनं?”

“उंबरदऱ्याला.”

 पाटलाची लेक हौसा उंबरदऱ्यात दिलेली.

“हौसा बरी आहे ना?”

“ती बरी आहे. नातवाला लागलीय. काल व्याही शिवेवर आले होते, पोरांनी माघारी घालवलं.”

“कुठल्या पोरांनी?”

“मीच बसवलीत, काठ्या देऊन. तिकडचं माणूस आत येऊ द्यायचं नाही. गाव राखायचं म्हणजे करावं लागतं.”

बाबांनी कोपऱ्यातल्या गाडग्यातलं पाणी वाटीत ओतून दिलं. मुरारीनं घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

“कोमट आहे.”

“हं. उंबरदऱ्याच्या पुढं कुठलं गाव रे?”

“गाव कुठलं? पुढं डोंगर.”

“मग त्यांनी गाडा कुठं ढकलला?”

“मला काय ठाऊक? गाडा सोडला की मागं वळून बघायचं नसतं. तुम्हाला रीत ठाऊक आहे.”

“ठाऊक आहे. पण जीव राहत नाही रे. म्हातारपणी हे एकच व्यसन उरलंय... पुढं काय झालं ते विचारायचं.”

बाबांनी काठीच्या टोकानं कपडा उचलला, घमेल्यात टाकला आणि मडक्यातलं उकळतं पाणी त्यावर ओतलं.

वाफ गेली. चिखल सुटला. खालून हिरवा रंग निघाला. मग काठ निघाला. काठावर पिवळ्या दोऱ्याचे वाकडेतिकडे टाके.

मुरारी वाकला. बराच वेळ वाकलेलाच राहिला.

“हे टाके... हौसाच्या आईचे. मरीआईला चढवलेला, गाड्यात घातलेला खण आहे हा. आमच्या घरचा.”



मुरारी उठून टेकडीच्या कडेला गेला. समोर डोंगर होता. डोंगरातून ओढा निघाला होता, उंबरदऱ्याला वळसा घालून थेट बोरवंडच्या झिऱ्यांपर्यंत येत होता. हा ओढा त्यानं जन्मभर पाहिला होता.

“म्हणजे त्यांनी गाडा डोहात लोटला,” तो म्हणाला. “पुढं गाव नाही म्हणून ओढ्यात. मग करणी त्यांचीच की.”

“खण कुणाचा?”

मुरारीनं घमेल्यातल्या खणाकडं पाहिलं.

“तुझी पोरं काठ्या घेऊन बसलीत. ओढ्याला अडवतात का?”

मुरारी परत चुलीपाशी आला. जमिनीवर बसला. पागोटं काढून मांडीवर ठेवलं.

“बाबा, मी काय करू?”

आणि गप्प राहिला. पहिल्यांदाच.

“शिवेवरच्या काठ्या उठव. झिरे बुजवून टाक. गाडग्यातलं पाणी उकळलेलं आहे, ते घे. मीठ घाल, गूळ घाल. नातवाला घोट घोट पाज, ओकला तरी पाज. सरकारी दवाखान्यात सांगावा धाड.”

मुरारीनं गाडगं उचललं. दारापर्यंत गेला. थांबला.

“उंबरदऱ्याची वाट खैरीवरनं, माळेवाडीवरनं जाते.”

“जाते. तिथंही सांगत जा. पाणी उकळा म्हणावं, चिंध्या जाळा म्हणावं. गाडा कुणी धाडला तेही सांग.”

“दगडं मारतील मला.”

“मारतील थोडी.”

“मग... खाली मान घालून जाऊ?”

बाबांनी चुलीत लाकूड सारलं.

“नको. मागं बघत जा.”