मुंगीचा सहावा पाय

एक ऑफिस होतं. चार मजल्यांचं, हिरव्या दाराचं. आता ते तिथे नाही. तेव्हा होतं. नीट बस, मग सांगतो.

ऑफिसात कॉम्प्युटर होते. टकटक, टकटक.
भिंतीच्या भेगेत एक मुंगी होती. तिचं नाव चिंगी.

एकदा चिंगी कॉम्प्युटरवर चढली. तुरुतुरु, तुरुतुरु. तिथे चित्रांचं पुस्तक होतं. कागदाचं नव्हे, कॉम्प्युटरातलं. ते कुणा एकाचं नव्हतं, सगळ्यांचं होतं. कुणीही उघडावं, कुणीही दुरुस्त करावं. गावोगावची पोरं त्यात बघून मोजायला शिकायची.

चिंगीला आपलं चित्र दिसलं. तिने पाय मोजले. एक, दोन, तीन, चार, पाच.

पाचच? मुंगीला पाय सहा. सहावा गेला कुठे?

आता सगळी पोरं म्हणणार, मुंगीला पाच पाय. चिंगीला रडू आलं.

तिथे केतकी बसायची. नवी लागलेली. पुस्तकाला हात लावायलाही भ्यायची.

"केतकीताई, केतकीताई,
माझे पाय सहा होईनात.
तू सहावा पाय जोड."

केतकी म्हणाली, "मी कधी जोडला नाही गं. चुकला तर? हर्षददादा तपासेल, तर मी जोडीन."

त्या पुस्तकाचा रिवाजच तसा. एकाने जोडायचं, दुसऱ्याने तपासायचं. मगच चित्र बदलायचं.

चिंगी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. हर्षददादा ऑफिसातला जुना गडी.

"हर्षददादा, हर्षददादा,
ताई पाय जोडीना,
माझे पाय सहा होईनात.
तू तपास."

दादा म्हणाला, "एकट्या केतकीचं काय घेऊन बसलीस? इथे नवे दहाजण आहेत, सगळे भित्रे. सगळ्यांना एकदम बसवतो. तांबेबाई शनिवार देतील, तर मी तपासीन."

दिवसभर एकत्र बसून असं काम करायचं, त्याला ते हॅकेथॉन म्हणत. नाव मोठं, काम साधं.

चिंगी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. तांबेबाई ऑफिसच्या साहेब. चष्मा नाकाच्या शेंड्यावर.

"तांबेबाई, तांबेबाई,
दादा तपासीना,
ताई पाय जोडीना,
माझे पाय सहा होईनात.
तुम्ही शनिवार द्या."

बाई म्हणाल्या, "दिला असता. पण एवढे जण बसणार कुठे? वरच्या हॉलला कुलूप आहे. वॉचमनमामा हॉल उघडतील, तर मी शनिवार देईन."

चिंगी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. वॉचमन म्हणजे मी. तेव्हा मला मिशा होत्या. काळ्या.

"वॉचमनमामा, वॉचमनमामा,
बाई शनिवार देईनात,
दादा तपासीना,
ताई पाय जोडीना,
माझे पाय सहा होईनात.
तुम्ही हॉल उघडा."

मी म्हणालो, "चार जिने चढायचे? माझे गुडघे काय लोखंडाचे आहेत? मावशी चहा देईल, तर मी हॉल उघडीन."

गुडघे धड होते. मला चहा हवा होता.

चिंगी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. सुंदरामावशी चहा करायची. तिची शेगडी जिन्याखाली.

"सुंदरामावशी, सुंदरामावशी,
मामा हॉल उघडीनात,
बाई शनिवार देईनात,
दादा तपासीना,
ताई पाय जोडीना,
माझे पाय सहा होईनात.
तू चहा दे."

मावशीने डबा उलटा केला. ठण ठण. रिकामा.

"साखर कुठाय? रोज एकेक कण कोण नेतं? तुझीच रांग ना? साखर परत येईल, तर मी चहा देईन."

खरंच होतं ते.

चिंगी घरी आली. हळू आली. तुरु... तुरु... भेगेत साखरेचा ढीग होता. ढिगावर म्हातारी मुंगी बसली होती.

"आजी, आजी,
मावशी चहा देईना,
मामा हॉल उघडीनात,
बाई शनिवार देईनात,
दादा तपासीना,
ताई पाय जोडीना,
माझे पाय सहा होईनात.
तू साखर दे."

आजी म्हणाली, साखर पावसाळ्याची आहे, कण मिळायचा नाही.

चिंगी म्हणाली, "बरं. मग पोरं शिकू देत, मुंगीला पाच पाय."

आजीने खाली पाहिलं. स्वतःचे पाय मोजले. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. परत एकदा मोजले. मग उठली.

"उचला गं," म्हणाली.

मुंग्यांनी साखर आणली. तुरुतुरु, तुरुतुरु.
मावशीने चहा दिला. रटरट, रटरट. आल्याचा होता. तसा चहा पुन्हा मिळाला नाही.
मी हॉल उघडला. खळखळ, खट्ट.
बाईंनी शनिवार दिला. फळ्यावर खडूने लिहिलं, 'पहिल्यांदा करणाऱ्यांनी यावं. चुकलं तरी चालेल.'
नवे दहाही आले. चटयांवर बसले. दादा तपासायला बसला.

केतकीने पाय जोडला. टक.

पाय मुंगीच्या डोक्यावर आला.

कुणी हसलं नाही. मला येत होतं, पण मी मिशी दाबून धरली. केतकीचे डोळे भरले.

दादा म्हणाला, "माझा पहिला तर शेपटीला लागला होता. आणि मुंगीला शेपूट नसते. खाली घे."

केतकीने पाय खाली घेतला. टक.

दादाने तपासलं. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. "ठीक," म्हणाला. चित्र बदललं. इथे बदललं, तसं गावोगावी बदललं.

ज्याने हात लावला, त्याचं नाव चित्राखाली यायचं. तोही रिवाजच. केतकीने आपलं लिहिलं. मग दादाचं, बाईंचं, मावशीचं. मग माझं. माझं नाव कुठे लिहिलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. शेवटी तिने एक काळा ठिपका दिला. ती चिंगी.

ऑफिस गेलं. मावशीची शेगडी गेली. मिशा पिकल्या. केतकी आता दुसऱ्या नव्या पोरांचं तपासते.

चित्र आहे. हे बघ. मुंगीचे पाय मोज. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा.

आता तुझे मोज. दोन? तुला तेवढे पुरे. पळ.