सावली नसलेली मोटार

अमरापूरच्या सरकारांचा शब्द खाली पडू द्यायची कुणाची छाती नव्हती. त्यातून मोटारींच्या इतिहासावर पुस्तक लिहिणाऱ्या इंदूताई कर्णिकांना जुन्या मोटारींच्या संग्रहालयासाठी त्यांचीच रिकामी पागा हवी होती. सरकारांनी अट घातली, "देशातली पहिली मोटार आमच्या आजोबांनी बांधली, हे तुमच्या पुस्तकात आलं पाहिजे. हा घ्या पुरावा!"

फोटोत आजोबा मोटारीत ऐटीत बसले होते, मागे हुजरे उभे होते. इंदूताईंनी फोटो डोळ्यांजवळ नेला. हुजऱ्यांच्या लांबच लांब सावल्या पडल्या होत्या. मोटारीखाली मात्र लख्ख ऊन! खोटं म्हणावं तर पागा जाणार, खरं म्हणावं तर पुस्तकाची अब्रू.

"काय, पटलं ना?" सरकार मिशीत हसले.

"पटलं की! भलतीच वेगवान गाडी," इंदूताई म्हणाल्या. "उभ्या उभ्या सावलीला मागे टाकलंय हिनं. सावली येऊन पोचली की कळवा, त्याच दिवशी छापते!"

झोपाळ्यावरच्या आईसाहेब खळखळून हसल्या. "अरे, मामंजी खुर्चीत बसले होते! विलायती मासिकातली मोटार कापून फोटोवाल्यानं वर चिकटवली. नवी सून होते मी. खळ मीच शिजवली होती."

सरकारांचा चेहरा उतरला. "म्हणजे संग्रहालयात आजोबांना जागा नाहीच?"

"आहे की, अगदी दारात!" इंदूताई म्हणाल्या. "खाली लिहू, 'आमच्याकडची कधीही बंद न पडलेली एकमेव मोटार.'"

सरकारांना हसू आवरेना. हसत हसतच ते पागेच्या किल्ल्या शोधायला स्वतःच उठले.