गोमुखावरचा स्लॅब

“आणि या गोमुखावर स्लॅब टाकला, तर बिघडलं कुठं, माई?”

हिंदुराव खराडे पुन्हा त्याच प्रश्नावर आले. मठातल्या महादेवाभोवती त्यांना संगमरवरी प्रदक्षिणामार्ग बांधून द्यायचा होता. पण पिंडीवरचं पाणी ज्या गोमुखातून बाहेर पडतं, तिथवर येऊन लोक थांबायचे आणि आल्या वाटेनं मागं फिरायचे. हिंदुरावांना ते बघवत नसे.

मठ सांभाळणाऱ्या गिरिजामाई बेलाची पानं निवडत बसल्या होत्या.

“ते तीर्थ ओलांडू नये, बाबा.”

“ओलांडतंय कोण? पाणी खालून, माणसं वरून. फेरी पुरी होईल. असल्या कामात हयात गेली माझी.”

गेली होती खरी. इचलकरंजीत दोन खोल्यांची घरं बांधणारा हा माणूस पुढं मजल्यावर मजले चढवू लागला. चाळिशीत शर्यतीच्या गाड्यांनी वेड लावलं. माळावर स्वतःचा ट्रॅक बांधला, स्वतःचा संघ काढला आणि गाडीत बसवला पोटचा पोरगा, रणधीर. दिवाणखान्यात चषकांना जागा पुरेना.

“तुझा तो ट्रॅक असतो तरी कसा रे?”

हिंदुराव खुलले. “फिरून फिरून तिथंच यायचं, माई. पण एकाच दिशेनं. उलटा फिरला की बाद!”

“अगबाई! म्हणजे घाण्याचा बैलच की. नुसता घाईतला.”

हिंदुराव मोठ्यानं हसले. मग ते हसू ओठांवरच विरलं...

“माई, त्या शेवटच्या शर्यतीत गाडीतल्या रेडिओवरून रणधीर म्हणाला होता... ‘आबा, ब्रेक नीट लागत नाहीये. गाडी दुरुस्तीला आत घेतो.’”

माईंचे हात थांबले.

“मी म्हटलं, एकच फेरी राहिलीय. पुरी कर.”

“केली त्यानं?”

“अर्धी.”

...

जीव वाचला होता पोराचा. पाय गेला. दवाखान्यातून तो परस्पर मामाकडं मालवणला गेला, तो तिकडचाच झाला. त्याला मुलगी झाल्याचंसुद्धा हिंदुरावांना परक्याच्या तोंडून कळलं.

“म्हणून म्हणतो, मार्गाला त्याचं नाव देऊ. देव तरी त्याला माझ्याकडं आणील.”

माई गुडघ्यावर हात टेकत उठल्या. “चल,” म्हणाल्या, आणि हिंदुरावांचं मनगट धरून देवळाच्या कडेनं चालू लागल्या.

गोमुखापाशी आल्यावर हिंदुरावांचा पाय सवयीनं पुढं पडायला निघाला. माईंनी मनगट घट्ट दाबलं.

पाण्याची बारीक धार पडत होती. एक बेलपान तिच्यासंगं वाहत आलं, दगडाला अडलं, निघून गेलं.

“इथं स्लॅब टाकलास,” माई हळूच म्हणाल्या, “तर थांबायची आठवण कोण करून देईल?”

हिंदुरावांनी वाकून मोकळा हात त्या धारेत धरला.

“मला मागं फिरता येत नाही, माई. कधी फिरलोच नाही. त्या रेडिओवर नुसतं ‘ये’ म्हणालो असतो, तर...”

माईंनी मनगट सोडलं नाही.

“आणि आता मीच मालवणला गेलो... अन् पोरानं दारातनं हाकलून दिलं तर?”

“हाकलायला का होईना, दार उघडेल की रे.”