मोसंबीच्या झाडाची लाल चिंधी

अगं, हातातलं ठेव बाजूला आणि आधी हे ऐक. रविवारी बायपासच्या नर्सरीत जे झालं ना, ते तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही. नलावडेकाका आठवतात? एसटी स्टँडवरचे. "फलाट क्रमांक चार" म्हणणारे. त्यांचंच आहे हे. थांब, पहिल्यापासून सांगते, नाहीतर मजा जाईल.

तर आपल्याच गावात एक कंट्रोलर होते. तीस वर्षं त्यांनी स्टँडवर गाड्या पुकारल्या. माइक बंद पडला तरी कुणाची गाडी चुकायची नाही, असा आवाज. रिटायर झाले तेव्हा शिट्टी, रजिस्टर, चाव्या सगळं ऑफिसात ठेवलं आणि आवाज तेवढा घरी घेऊन आले. काकू म्हणायच्या, "अहो, मी स्वयंपाकघरातच आहे. पुण्याच्या गाडीत नाही बसलेली."

काकूंना मोसंबी फार आवडते. नोकरीत होते तोवर काका दर शनिवारी स्टँडबाहेरच्या हातगाडीवरून जाळीच्या पिशवीत अर्धा डझन मोसंबी आणायचे. एकही शनिवार चुकला नाही. रिटायर झाल्यावर त्यांनी ठरवलं, आता हिला विकतची नको. घरामागे नळाजवळ चार हात जागा आहे, तिथे आपली मोसंबी लावायची आणि पहिलं फळ हिच्या हातावर ठेवायचं. बस. एवढीच त्यांची हौस.

नर्सरी गजराबाईंची. हिरवी जाळी, काळ्या पिशव्यांतली रोपं, एक पाय वाकडा झालेली प्लास्टिकची खुर्ची आणि गजराबाई. सतरा वर्षं त्याच जागी. कलमं त्या स्वतः बांधतात. खाली रानटी लिंबाचा खुंट, त्याला जंबेरी म्हणतात, आणि त्यावर मोसंबी जोडलेली. त्यांची एक रीत आहे. जिथे जोड असतो तिथे त्या लाल चिंधी बांधतात. रोप देण्याआधी चिंधीवर बोट ठेवून सांगतात, "हिच्या खाली फुटंल ते मोडायचं. वर फुटंल ते जपायचं." आणि लगेच म्हणतात, "आता तुम्ही म्हणून दाखवा." वकील असो, डॉक्टर असो, शाळेतल्यासारखं म्हणून दाखवावं लागतं. नाही म्हटलं तर रोप हातात येत नाही.

काका रोप घ्यायला गेले त्या दिवशी फोनवर होते. पुतण्याचा साखरपुडा, हॉल कुठला घ्यायचा, पंगत की बुफे, असलं काहीतरी. गजराबाई रोप घेऊन उभ्या राहिल्या. फोन संपेना. मग बोट चिंधीवर ठेवलं. काकांनी त्यांच्याकडे न बघताच हाताने खूण केली, पिशवीत घाला, घाला.

"काका, एवढं ऐकून जावा," गजराबाई म्हणाल्या.

काकांनी फोनवर तळवा ठेवला. "अहो बाई, आजवर बरीच झाडं लावलीत मी. द्या इकडे." आणि रोप जवळजवळ ओढूनच घेतलं. साखरपुड्याचं बोलत बोलत निघून गेले.

घरी आल्यावर चिंधी दिसली. झाडाला कसली दृष्ट, म्हणून त्यांनी ती सोडून टाकून दिली.

आता झाडाला दोन फांद्या फुटल्या. एक जोडाच्या वर, नाजूक, वाढायला अगदी आळशी. दुसरी खालून. ती बघावी तर सरळसोट, जाड, काळपट हिरवी, बोटाएवढ्या काट्यांची. काका खूश. "काटे बघ," काकूंना म्हणायचे, "राखणदार घेऊनच जन्माला आलंय." दुसऱ्या वर्षी त्यांना वाटलं, ती वरची मरतुकडी फांदी उगाच खत खाते. कात्री आणली आणि कापून टाकली.

तुझ्या लक्षात आलं ना? मोसंबी होती ती. पण त्यांच्या नाही आलं लक्षात.

आणि त्या झाडासाठी त्यांनी काय काय केलं म्हणून सांगू. पानांवर पांढऱ्या नागमोडी रेघा पडल्या, तेव्हा काकूंच्या इस्त्रीच्या पाणी फवारायच्या बाटलीतून कडुलिंबाचं तेल फवारलं. महिनाभर सगळ्या कपड्यांना त्याचाच वास. मग अळ्या आल्या. त्या दिसतात पक्ष्याच्या शिटेसारख्या, कळतच नाहीत. काका रोज सकाळी चष्मा लावून, स्टूल घेऊन, एकेक पान उलटून बघायचे. मुंग्या लागल्या, तर खोडाला राखेचं कडं केलं. सलग तीन उन्हाळे ते लग्नाकार्याला मुक्कामी गेले नाहीत, झाडाला पाणी कोण घालणार म्हणून.

यंदा चौथ्या वर्षी अकरा फळं धरली.

परवाच्या आधीच्या शनिवारी काकांनी शेजारच्या खटावकरांना बोलावलं. बशा मांडल्या. पहिलं फळ त्यांनी स्वतः कापलं आणि पहिली फोड काकूंच्या हातावर ठेवली. खटावकरांनी एक फोड तोंडात टाकली आणि त्यांचा एक डोळा जो मिटला तो बराच वेळ उघडलाच नाही. इतकं आंबट. काकूंच्या डोळ्यांतून पाणी आलं. तरी त्यांनी सगळी फोड हळूहळू चावून खाल्ली आणि म्हणाल्या, "रस भरपूर आहे हं."

काकांनी बशा गोळा केल्या. त्यांनीही एक फोड खाल्ली होती.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी दहाला नर्सरीत गर्दी. काका थेट आत गेले आणि एक फळ गजराबाईंच्या पुढ्यात आपटलं.

"हे काय आहे? मोसंबी म्हणून लिंबू विकता? चार वर्षं फुकट घालवलीत माझी. लोकांना फसवायला बसलीय इथे."

तो आवाज, अगं. पलीकडच्या टपरीवरचे लोक कप हातात धरून उभे राहिले. एका बाईंनी चिकूचं रोप निवडलं होतं, ते त्यांनी हळूच परत ठेवलं. दोघं स्कूटर वळवून निघून गेले.

गजराबाईंनी फळ उचललं. नखाने साल जरा खरवडली, वास घेतला. क्षणभर काकांकडे बघितलं. मग एवढंच विचारलं, "काका, झाडाला चिंधी हाय का अजून?"

"चिंधीचं काय घेऊन बसलीस?"

त्यांनी फळ बाजूला ठेवलं. म्हणाल्या, "उद्या झाड बघायला येते."

"काही गरज नाही," काका म्हणाले आणि गेले.

आपल्या गावात बातमीला गाडी लागत नाही, ती चालत पोचते. संध्याकाळपर्यंत निम्म्या कॉलन्यांना कळलं होतं, बायपासवाली बाई सांगते एक आणि देते एक. सतरा वर्षांचा शब्द, एका सकाळीत गेला.

तरी सोमवारी त्या आल्या. खांद्याला पिशवी. काकूंनी चहा टाकला. गजराबाई झाडाच्या बुडाशी उकिडव्या बसल्या, हाताने माती बाजूला केली आणि काकांना खाली बोलावलं. काका गुडघे धरत वाकले. खोडाला एक गाठ होती. गाठीच्या वर करंगळीएवढा वाळलेला तुकडा. गाठीच्या खालून सगळं झाड वर गेलेलं.

"हा जोड," गजराबाई हळू आवाजात म्हणाल्या. "आणि ही मोसंबी व्हती."

काका त्या वाळलेल्या तुकड्याकडे बघत राहिले. कात्रीचा तिरका काप अजून दिसत होता.

स्वयंपाकघराच्या दारातून काकूंनी विचारलं, "काय झालंय हो झाडाला?"

काकांचं तोंड उघडायच्या आत गजराबाईच म्हणाल्या, "काय न्हाई काकू. कधी कधी खुंट जोर करतो आन् कलम दबतं. होतं असं."

मग त्यांनी पिशवीतून ओलं फडकं काढलं. उलगडलं. आत हिरव्या काड्या, त्यांच्या स्वतःच्या दारातल्या मोसंबीच्या. "खुंट मात्र तगडा केलाय तुम्ही," त्या म्हणाल्या. "लेकरासारखा सांभाळलाय. आता ह्यालाच डोळा भरते." एका कोवळ्या फांदीच्या सालीला त्यांनी चाकूने चीर दिली, काडीवरचा एक फुगीर डोळा, म्हणजे कोंब येतो ती गाठ, सालीसकट काढला, चिरेत अलगद सरकवला आणि वरून प्लास्टिकची पट्टी गुंडाळली. असे सहा डोळे भरले. सगळ्यांत शेवटी, जिथे जिथे डोळा भरला त्याखाली लाल चिंधी बांधली.

काका त्या ओल्या फडक्याकडे बघत होते. घरून निघतानाच काड्या गुंडाळून आणल्या होत्या म्हणजे.

"तुम्हाला काल दुकानातच कळलं होतं?"

"सालीच्या वासावरनं कळलं."

"मग तिथेच का नाही बोललात?"

"चार माणसं व्हती काका," गजराबाई म्हणाल्या. "तुमच्या वळखीची व्हती. त्यांच्यासमोर कसं म्हणायचं, की तुम्ही तुमच्या हातानं कापलं?"

काका पुटपुटले, "चुकलं माझं." इतकं हळू, की शेजारच्या फांदीलाही ऐकू गेलं नसेल. गजराबाईंनी मान हलवली, चहा घेतला आणि गेल्या.

आता बघ हं. गजराबाई सोडल्या तर कुणालाच काही माहीत नव्हतं. काकूंना वाटत होतं झाडाची चूक, खटावकरांना वाटत होतं नर्सरीची. काकांनी तोंड मिटून घेतलं असतं तरी त्यांचं काही बिघडणार नव्हतं. तीन दिवस त्यांनी मिटलंही. पण रोज सकाळी स्टूल घेऊन झाडाजवळ जायचे, त्या लाल चिंध्या बघायचे आणि पानं न तपासताच परत यायचे. गुरुवारी काकू मटार सोलत बसल्या होत्या, तेव्हा काका त्यांच्यासमोर बसले आणि सगळं सांगून टाकलं. फोन, चिंधी, कात्री, सगळं.

काकूंनी एक शेंग सोलली. "मग तिला म्हणालात का, चुकलं म्हणून?"

"म्हणालो ना. हळूच म्हणालो."

"हळूच," काकू म्हणाल्या. दाणे पातेल्यात टाकले. "भांडलात ते मात्र टपरीपर्यंत ऐकू गेलं म्हणतात."

आणि त्या मटार सोलत राहिल्या.

रविवार उजाडला. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला. फोन घरी ठेवला. बरोबर दहाला नर्सरीत जाऊन रांगेत उभे राहिले, सगळ्यांच्या मागे. गर्दी आधीच्या रविवारच्या निम्मीही नव्हती, सात-आठ जण असतील. नंबर आला तेव्हा त्यांच्या घशातून आवाजच फुटेना. आयुष्यात पहिल्यांदा.

"काय पाहिजे काका? खत देऊ?" गजराबाईंनी विचारलं.

काकांनी नको म्हणून मान हलवली. मग लोकांकडे वळले, छाती भरून श्वास घेतला, आणि स्टँडवरचा तो आवाज लागला.

"इकडे लक्ष द्या. मागच्या रविवारी याच जागी मी गजराताईंना खोटं ठरवलं. त्यांनी मला मोसंबीच दिली होती. कशी सांभाळायची तेही त्या सांगत होत्या. मी फोनवर बोलत होतो. चिंधी मी काढली. मोसंबी मी कापली. चूक माझी आहे, गजराताईंची नाही."

टपरीवरचे लोक परत कप हातात धरून उभे. दोन रिक्षा थांबल्या. आणि स्टँडवर प्रत्येक सूचना दोनदा द्यायची असते की नाही? काकांनी सवयीने पुन्हा श्वास घेतला आणि "इकडे लक्ष द्या" पासून सगळं परत एकदा सांगितलं. एक शब्द गाळला नाही.

गजराबाईंनी पदर तोंडाला लावला होता. हसत होत्या की रडत होत्या, कळत नव्हतं. "बास काका," त्या म्हणाल्या, "माझी रोपं दचकतील."

मग त्यांनी एक कलम उचललं, चिंधीवर बोट ठेवलं आणि काकांकडे बघितलं. "आता म्हणून दाखवा. चार वर्षं राहिलंय तुमचं."

"चिंधीच्या खाली फुटेल ते मोडायचं," काका म्हणाले. "वर फुटेल ते जपायचं."

रांगेत एक मुलगी कानाला फोन लावून उभी होती. "नंतर बोलते गं," म्हणाली आणि फोन पर्समध्ये टाकला. आणि त्या चिकूवाल्या बाई, त्या मागे उभ्याच होत्या. त्यांनी आपलं रोप पुन्हा उचललं.

पट्ट्या सोडायला अजून दोन आठवडे आहेत. डोळे धरतील, नाही धरतील, कुणी सांगावं. उरलेल्या फळांचं काकूंनी लोणचं घातलंय. एक बरणी गजराबाईंकडे गेलीय. देताना काकू म्हणाल्या, "रस भरपूर होता."

तात्पर्य काय, तर ज्या आवाजात दुसऱ्याला दोष दिला त्याच आवाजात आपली चूकही सांगावी. आणि दुकानात समोरचं माणूस आपल्याशी बोलत असेल तर आधी त्याचं ऐकावं, फोन थांबतो.

पण तू मला खरं सांग हं. कुणाला काही कळलं नसतं. तू त्यांच्या जागी असतीस, तर गेली असतीस का परत त्या रांगेत? आणि गेली असतीस, तर हळूच बोलली असतीस, की सगळ्यांना ऐकू जाईल असं?