शॉकअप किती कडक ठेवायचा

"बाई, अजून किती कडक करू?"

संग्राम शिंत्रेनं हे विचारलं तेव्हा बाई अंगणात खुर्ची टाकून शेंगा फोडत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

बाई म्हणजे कुमुदिनी भोगले. एके काळी रॅलीत गाडी घालायच्या आणि भल्याभल्यांना धूळ चारायच्या. आता गुडघे कुरकुरतात, पण पंचक्रोशीत कुणाच्या गाडीचं काही बिनसलं की तो पहिल्यांदा त्यांच्याच अंगणात येतो. मी शेजारी राहतो. शेंगा फोडायच्या निमित्तानं जाऊन बसतो आणि बघतो.

संग्राम हुशार पोरगा. गेल्या वर्षी घाटातल्या शर्यतीत पहिला आलेला. ही गाडी त्यानं स्वतः बांधली होती. स्प्रिंगा कडक, आणि शॉकअप असे की डोक्यावरचा नॉब फिरवला की आणखी कडक होतात. चारही नॉब त्यानं पार शेवटापर्यंत पिळले होते.

"कडक कशाला?" बाईंनी विचारलं.

"वळणावर गाडी कणभर कलत नाही, बाई. फक्त मागचं चाक कुठं कुठं उडतं. म्हटलं, याहून जाड स्प्रिंगा घालाव्या."

"शर्यत कधी आहे?"

"शर्यतीची नाही ही. रोजची गाडी. घर ते कारखाना."

"रोज कोण बसतं तीत?"

"मीच."

"आणि?"

"...आई बसायची. तिची शाळा वाटेवरच आहे, रोज सोडायचो. दिवाळीपासून एसटीनं जायला लागलीय."

"का?"

"एसटीत मैत्रिणी भेटतात म्हणते."

हे बोलताना तो गाडीकडे बघत होता. पोराला लागलं होतं ते. एवढी गाडी बांधली, बाजारात लोक वळून वळून बघतात, आणि सख्खी आई पिशवी घेऊन स्टँडवर उभी राहते.

"ती परत बसायला पाहिजे, बाई," तो म्हणाला. "तेवढं करून द्या. तुमच्याइतकं कुणाला कळत नाही."

बाईंनी पदर झटकला. टरफलं खाली पडली.

"चावी दे."

त्यानं चावी दिली आणि स्वतः बसायला पुढचं डावं दार उघडलं.

"तिथं नको. आई कुठं बसायची?"

"मागं. पुढची सीट शर्यतीची आहे ना, साडी नेसून बसता येत नाही तीत."

"मग मागं बस."

"मी?"

डिकीत बस म्हटल्यासारखा त्याचा चेहरा झाला. पण बाईंना नाही म्हणणारा माणूस अजून मी पाहिलेला नाही. तो मागं बसला, आईच्या जागी. मीही दुसऱ्या बाजूनं आत शिरलो. फुकटची रॅली कोण सोडतो!

"रोज जातोस त्याच रस्त्यानं नेते," बाई म्हणाल्या.

सुरुवातीचा रस्ता नवा होता. बाईंनी गाडी पळवली. काय त्यांचा हात! ना धसका, ना हिसका. वळण यायच्या आधीच गाडी वळणासाठी तयार असायची. आणि गाडीही तशीच जातिवंत, खरं ते सांगायला पाहिजे. रस्त्याला चिकटून वळत होती.

"छान बांधलीयस," बाई म्हणाल्या.

संग्रामची छाती फुगली. बाई असं सहजासहजी म्हणत नाहीत.

मग कारखान्याचा रस्ता लागला.

उसाचे दिवस. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांनी रस्त्याची चाळण केलेली. बाईंनी वेग कमी केला, तरी पहिल्या खड्ड्यात माझे दात दातांवर आपटले. दुसऱ्यात संग्रामचं डोकं वर छताला लागलं.

"बाई, जरा..."

"तू किती वेगानं जातोस इथून?"

"...यापेक्षा जास्त."

"बरं."

बाईंनी वेग वाढवला.

पुढं बसून हा रस्ता त्यानं रोज पार केला होता. पुढं हातात स्टिअरिंग असतं, पायाखाली ब्रेक असतो, खड्डा आधी दिसतो, अंग आपोआप आवळलं जातं. मागं यातलं काहीच नसतं. मागच्या माणसाला खड्डा बसल्यावर कळतो.

विहिरीजवळच्या वळणावर रस्ता लाटालाटांचा झाला होता. तिथं मागचं चाक खरंच उडालं. गाडीची शेपूट बाहेर फेकली गेली. माझ्या तोंडून देवाचं नाव निघालं. बाईंनी स्टिअरिंग हलकेच सैल सोडलं, पुन्हा धरलं, आणि गाडी निमूट सरळ झाली.

"रोज उडतं इथं?"

"हो... मला मजा वाटायची."

"वर उडालेलं चाक कुणाचंच ऐकत नाही," बाई म्हणाल्या. "तुझंही नाही."

शेपूट सुटली तेव्हा संग्रामचा हात दारावरच्या हँडलकडे गेला होता. तो तिथंच राहिला होता.

हँडलला काहीतरी गुंडाळलेलं होतं.

त्यानं मान वर करून पाहिलं. मीही पाहिलं. साडीचा काठ होता. जांभळा, धुऊन धुऊन विटलेला. घट्ट गुंडाळून शेवटी सुईदोऱ्यानं बारीक टाके घातले होते. हात घसरू नये आणि बोटांना लागू नये म्हणून केलेलं ते काम होतं.

"आईच्या साडीचा आहे," तो म्हणाला.

त्याचा आवाज त्याला स्वतःलाच ओळखू आला नसेल.

आपली गाडी तो नटबोल्टसकट ओळखत होता. फक्त मागच्या सीटवर तो कधी बसला नव्हता.

बाईंनी आरशात पाहिलं. मग बाभळीच्या सावलीत गाडी उभी केली, इंजिन बंद केलं.

...

एक ट्रॉली उसाचे तुकडे सांडत गेली.

"ती कधी बोलली नाही," संग्राम म्हणाला.

"तू विचारलंस?"

"विचारलं होतं की. गाडी कशी वाटते म्हणून."

"मग?"

"म्हणाली, लई पळते रे तुझी गाडी. ...मला वाटलं, कौतुक करते."

"कौतुकच होतं ते," बाई म्हणाल्या.

मला भरून आलं. त्याच्या आईला मी पाहिलेलं नाही. पण लेकाचं मन मोडू नये म्हणून हँडलला काठ शिवणारी आणि तेही सोसेनासं झालं तेव्हा मैत्रिणींचं नाव पुढं करून स्टँडवर जाऊन उभी राहणारी माउली साधी नाही.

संग्राम दार उघडून खाली उतरला. आधी बॉनेट उघडलं, मग डिकी. चारही नॉब उलटे पिळले, पार दुसऱ्या टोकापर्यंत. डोळे पुसले की घाम, ते मी बघितलं नाही. बघायचं नसतं.

"झाली मऊ," तो म्हणाला. "आता बसेल ती."

"चालव तू," बाई म्हणाल्या आणि मागं येऊन बसल्या. मला पुढच्या शर्यतीच्या सीटमध्ये कोंबलं.

तो हळू निघाला. खड्डा आला, गाडी खाली बसली, वर आली. परत खाली, परत वर. खड्डा केव्हाच मागं गेला तरी गाडीचं डोलणं थांबेना. विहिरीच्या वळणावर ती अशी लवंडली की माझा खांदा दाराला चिकटला. समोरून सायकल आली तेव्हा त्यानं ब्रेक दाबला आणि गाडीनं नाक जमिनीला लावलं. सायकलवाला शिव्या देत गेला. त्याचं बरोबरच होतं.

"काय झालं?" बाईंनी मागून विचारलं.

"हाताला काही कळतच नाही, बाई. गाडी कुठं आहे, चाक कुठं आहे... नुसतं हेलकावतंय."

"माझ्याही पोटात ढवळतंय," मी म्हणालो. मला कुणी विचारलं नव्हतं.

"आता काठ नाही, लिंबू बांधायला लागेल हँडलला," बाई म्हणाल्या.

संग्राम हसला नाही. त्यानं गाडी कडेला घेतली. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसून राहिला. सकाळी अंगणात आलेला पोरगा आणि हा, एकच वाटत नव्हते. मला सकाळचाही आवडला होता. हा जास्त आवडला.

"मधोमध ठेवू का?" त्यानं विचारलं.

"मधोमध? कुणाच्या मधोमध?"

"...म्हणजे अर्धा कडक, अर्धा मऊ."

"ते तर कुणीही करेल. गाडीला हातही न लावता सांगेल."

"मग किती?" तो वळून बसला. पहिल्यांदाच त्यानं मागच्या सीटकडे तोंड करून प्रश्न विचारला. "रोज नॉबचा एक एक खटका फिरवून बघेन, बाई. हवा तेवढा वेळ जाऊ दे. शर्यतीची हौस गेली खड्ड्यात. पण कुठं थांबायचं, तेवढं तरी सांगा. कळणार कसं मला?"

बाईंनी डोकं सीटला टेकवलं. डोळे मिटले. जांभळ्या काठावर त्यांचा हात सैल पडला होता...

"मागं तुझ्या आईला झोप लागली पाहिजे," त्या म्हणाल्या. "आणि पुढं तुला लागता कामा नये."