निळीच्या कानात सांगितलेली बरी बातमी

“दोघी एकाच दिवशी आल्या. एक पुढल्या दारानं आली, एक मागल्या. पायगुण दोघींचा एकच. दसरा होऊ दे, दोघींना वाटेला लावू.”

सासू नणंदेला असं म्हणाली. परसात म्हणाली, हळू म्हणाली. पागेच्या भिंतीआड नवी सून उभी होती, तिनं ते ऐकलं. कानांवर हात ठेवावेत, तर दोन्ही हात घागरीला गुंतलेले.

कुठली सासू, कुठली सून, आणि दुसरी ती कोण? ऐका सूर्यनारायणा, तुमच्या वशाची कहाणी.

नगर होतं, आटपाट होतं, नदीच्या वळणावर वसलं होतं. तिथं राजाच्या जासुदाचं घर होतं. राजाचा निरोप पोचवावा, गावोगावची बातमी आणावी, हे त्या घराचं काम. पागेत तीन जनावरं होती. एक तांबडा घोडा, एक पांढरा घोडा, एक निळी घोडी. त्या घराची एक रीत होती. घोड्यानं बरी बातमी आणली, तर त्याला पुढल्या दारानं घ्यावं, पायांवर पाणी घालावं, ओवाळावं, गुळाचा खडा द्यावा. वाईट बातमी आणली, तर मागल्या दारानं आत घालावं. मग त्याला खरारा नाही, थोपटणं नाही, कोणी नावानं हाक मारणं नाही. चारा तेवढा दुरून टाकावा. पुढं त्याच घोड्यानं बरी बातमी आणली, की तो विटाळ सुटे.

त्या घरच्या धाकट्या मुलाचं, रायाजीचं, लग्न झालं. सून गिरजा माप ओलांडून पुढल्या दारानं आत आली. त्याच घटकेला थोरला दीर निळीवर बसून मागल्या दारानं आला. राणीचा भाऊ रणात पडला, ही बातमी त्यानं आणली होती. ओवाळणीचं तबक तिथंच राहिलं. सुनेच्या हातचा गूळ कोणी खाल्ला नाही. निळीला बांधलं ते पागेच्या कडेला, भिंतीकडे तोंड करून.

मग काय झालं? दीर तांबड्या घोड्यावर बसून सरहद्दीला गेला. निळीनं चाऱ्याला तोंड लावायचं सोडलं. एक दिवस गेला, दोन गेले, तीन गेले. बरगड्या दिसू लागल्या. सासू म्हणू लागली, सुनेची सावली पडते म्हणून घोडी खात नाही. सून घागर उचलून पाण्याला जाई. माहेरी तिनं एक शेळी पाळली होती, तीही शिंगं उगारायची. घोड्याचं तिला काय कळावं?

ते परसातलं बोलणं ऐकलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी श्रावणातला पहिला आदितवार होता. सून पहाटे नदीवर गेली. तिथं काय पाहिलं? एक म्हातारी कमरेइतक्या पाण्यात उभी आहे, सात घोड्यांना धूत आहे. एकाची आयाळ विंचरते, एकाचे खूर साफ करते, एकाच्या कानाशी तोंड नेऊन काही सांगते. सांगितलं, की घोडा मान हलवतो.

सुनेनं विचारलं, “बाई बाई, हे काय करता?”

म्हातारी म्हणाली, “वसा वसते. तुला सांगून काय करू? आज घेशील, उद्या कंटाळशील, परवा टाकशील.”

“कंटाळायची नाही, टाकायची नाही. मला सांगा.”

मग म्हातारीनं वसा सांगितला. श्रावणातल्या पहिल्या आदितवारी आरंभ करावा, चौथ्या आदितवारी पुरा करावा. रोज सूर्य उगवायच्या आत पागेत जावं. घोड्याला खरारा करावा, खुरांतली माती काढावी, भिजवलेले हरभरे ओंजळीतून द्यावे. मग त्या घरात घडलेली एक बरी बातमी त्याच्या कानात सांगावी. बातमी मोठी नसावी, खोटी नसावी, शिळी नसावी. वसा पुरा होईतो आपलं गाऱ्हाणं कोणापाशी सांगू नये. सून म्हणाली, गाऱ्हाणं न सांगायची मला सवयच आहे.

सून घरी आली. आदल्या रात्री उसळीसाठी भिजवलेले मूठभर हरभरे तिनं ओंजळीत घेतले. निळीजवळ गेली. मनात भीती होती. ही चावते कुठून, लाथ मारते कुठून, एवढंही ठाऊक नव्हतं. कडेनं उभी राहिली, मानेवर हात ठेवला, खरारा फिरवला. धूळ उडाली, सुनेला शिंक आली, घोडी दचकली, सूनही दचकली. मग तिनं कानात सांगितलं, “आज विरजण चांगलं लागलं.” घोडीनं हरभरे खाल्ले नाहीत. पण कान फिरवला.

दुसऱ्या दिवशी सांगितलं, “पुतण्याचा ताप उतरला, त्यानं भाकरी मागितली.” घोडीनं मान वळवली, भिंतीकडचं तोंड अलीकडे केलं.

तिसऱ्या दिवशी सासूचं सांगितलं, “आत्याबाईंची दाढ दुखायची राहिली. आज त्या मला दोनदाच बोलल्या.” घोडीनं श्वास सोडला, ओठ पुढं केले, ओंजळीतला एक हरभरा उचलला. मग दुसरा उचलला. मग ओंजळ चाटून पुसून काढली. त्या खरखरीत, ऊन जिभेनं सुनेच्या डोळ्यांना पाणी आलं. सासरी आल्यापासून तिच्या हातचं कोणी इतकं मनापासून खाल्लं नव्हतं.

मग रोजचा नेम झाला. एके दिवशी भिंतीवर पेरलेल्या घेवड्याला फूल आलं. एके दिवशी नणंदेची हरवलेली नथ पिठाच्या डब्यात सापडली. बातमी शोधायची, म्हणून सून घराकडे नीट पाहू लागली. पाहता पाहता तिला दिसलं, की सासू जेवायला सगळ्यांच्या मागून बसते, आणि सरहद्दीवरल्या मुलाचं ताट रोज पुसून ठेवते. हेही तिनं घोडीला सांगितलं. घोडीचं अंग भरलं, कातडी तुकतुकली. आता सून दिसली की ती बारीक खिंकाळे आणि पुढच्या पायानं जमीन उकरी. कोणीतरी आपली वाट पाहतं, हे सुख सुनेला सकाळी मिळे आणि दिवसभर पुरे.

तिसऱ्या आदितवारी बाजारातला घोडेवाला आला. त्यानं निळीचे दात पाहिले, खूर पाहिले, दसऱ्याला नेतो म्हणाला. सून घाबरली. दुसऱ्या सकाळी बातमी शोधायला मन होईना. मग तिनं काय केलं? कानात सांगितलं, “राजानं लढाई जिंकली, घरोघर साखर वाटली.” लढाई चालूच होती, साखर कोणी पाहिली नव्हती. घोडीनं तोंड फिरवलं. त्या दिवशी खाल्लं नाही, दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही.

चौथ्या दिवशी सून तिच्या गळ्याशी डोकं टेकून उभी राहिली. म्हणाली, “खोटं सांगितलं, चुकले. आज बरी बातमी एवढीच, की मला खोटं पचलं नाही.” घोडीनं तिच्या खांद्यावर हनुवटी ठेवली आणि सगळे हरभरे खाल्ले.

मग शनिवार आला. डोंगराखालच्या चौकीला राजाचा निरोप न्यायचा होता. तांबडा सरहद्दीवर, पांढरा पायात खडा रुतून लंगडत होता. रायाजीनं निळीवर खोगीर घातलं. सासूनं तोंड फिरवलं, पण अडवलं नाही.

चौथा आदितवार उजाडला. निळीची जागा रिकामी, बातमी कोणाला सांगावी? सुनेनं तिच्या खुंट्यापाशी हरभरे ठेवले आणि वाट पाहत बसली. सूर्य माथ्यावर आला, तों निळी चौखूर धावत नगरात शिरली. रायाजी सांगत सुटला, की वरच्या तळ्याचा बांध खचला आहे, लोंढा येतो आहे, सगळ्यांनी टेकडी चढावी. आठ कोस घोडी थांबली नव्हती. मग ती गल्लीगल्लीतून फिरली. म्हातारी माणसं पाठीवर नेली, लेकरं नेली, बाळंतीण नेली. लोकांनी दावी सोडली, पांढऱ्याला हाती धरून वर नेलं. ऊन कललं आणि पाणी आलं. पागा गेली, कणगी गेली, घेवडा गेला. माणूस एकही गेलं नाही.

सगळ्यांच्या मागून निळी टेकडीवर आली. अंगाला फेस, पाय थरथरत, वरून पावसाची भुरभुर. सासूनं हात आडवा केला. म्हणाली, घर बुडाल्याची बातमी हिनंच आणली, हिला माणसांत आणू नका, पलीकडे बांधा. नणंद म्हणाली, “आणि हिला हरभरे चारून माजवली कोणी? वहिनीनं. तिलाही पलीकडेच बसू दे.” लोक मागं सरले. ज्यांना पाठीवर आणलं, तेही सरले. रायाजी आईकडे पाहत राहिला. घोडी मधोमध उभी, आणि भोवती कोणी नाही.

मग सून उठली. घोडीजवळ गेली, लगाम हाती घेतला. साऱ्या नगरानं तिचा आवाज पहिल्यांदा ऐकला. ती म्हणाली,

“आत्याबाई, दसऱ्याचं तुमचं बोलणं मी ऐकलं आहे. तेव्हा वाटेला लावा, मी निघेन. पण बांध हिनं फोडला नाही. बांध फुटतो आहे, हे हिनं सांगितलं. म्हणून इथं तुम्ही आहात, वन्सं आहेत, ती बाळंतीण आहे, मी आहे. ह्याहून बरी बातमी ह्या घरात कधी कोणी आणली होती? आता हिचं अंग गार पडतंय. पुसून, फिरवून मग पाणी पाजायचं आहे. कोणीतरी एक कोरडं फडकं द्या.”

जशी सासू उठली, भिजू नये म्हणून छातीशी धरलेलं थोरल्या मुलाचं धोतर तिनं सुनेच्या हाती दिलं आणि घोडीचं तोंड आपल्या पदरानं पुसलं. जसा दसऱ्याला घोडेवाला रिकाम्या हातानं परतला आणि सुनेला शेजारी घेऊन सासूनं निळीला आपण होऊन ओवाळलं. तसं सूर्यनारायणा, ऐकणाऱ्या साऱ्याजणींना घर लाभो, दारच्या मुक्या जिवांना मायेचा हात लाभो, आणि रोज एक तरी बरी बातमी लाभो. साठ बोलांची ही कहाणी पाच बोलांत सांगितली, फळाला आली, पुरी झाली.