मिरी उंदरी आणि सायलेन्सरचा बोळा

ऐका हं. पण हळूच ऐका. या गोष्टीत सगळे दमलेत.

एक होती उंदरी. एवढीश्शी! डोळे मिरीच्या दाण्याएवढे. म्हणून तिचं नाव मिरी. तिला एक बाळ. ते तर एवढुस्सं! त्याचं नाव थेंबू.

दोघं राहायची शिदूमामाच्या शेडमध्ये. शेडवर पत्रा. पत्र्याखाली जुनी मोटरसायकल. साधीसुधी नाही हं! मातीत पळायची. टेकाडावरून उडायची. घुर्रर्र... हूऽऽप... धप्प! शिदूमामा तरुण होता ना, तेव्हा. आता ती नुसती उभी असायची. गंज खात. धूळ खात.

एक दिवस मामा म्हणाला, "हिला पुन्हा पळती करायची." झालं! मामाने नट काढले. बोल्ट काढले. सीट काढलं. सायलेन्सर काढला.

सायलेन्सर म्हणजे काय? धुराची नळी. पोटाला फुगीर, शेपटीला बारीक. मामाने तो घासला. मामाने तो धुतला. आणि ठेवून दिला पोत्यावर.

मिरीने बघितला. "अगंबाई, किती छान घर!" ती थेंबूला घेऊन आत राहायला गेली. मामाला काय ठाऊक?

सकाळ झाली. थंडी होती. मिरी गेली ज्वारीचा दाणा आणायला. तुरुतुरु, तुरुतुरु.

इकडे मामा आला. म्हणाला, "नळी उघडी राहिली तर उंदीर शिरतील." आणि त्याने नळीच्या तोंडात चिंध्यांचा बोळा कोंबला. गच्च!

आत कुणी आहे का, बघितलं? नाही बघितलं! असा हा मामा.

मिरी दाणा घेऊन आली. बघते तो काय! दार बंद.

"थेंबू! ए थेंबू!"

शेपटीच्या बारीक भोकातून आवाज आला. "चीं."

मिरीने बोळा दातांनी ओढला. बोळा तेलकट. दात घसरले. सर्रर्र! पुन्हा ओढला. पुन्हा सर्रर्र!

मिरी म्हणाली, "बोळ्या, बोळ्या, निघ ना! माझा थेंबू आत!"

बोळा म्हणाला, "छे गं बाई, दमलोय मी! टाकी पुसली. चाकं पुसली. मामाचं नाकसुद्धा मीच पुसलं. आता मी हलत नाही. मामा उठेल, तेव्हा निघेन."

मिरीने दाणा खाली ठेवला. मिरी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

मामा बसला होता उलट्या बादलीवर. एक पाय गाडीच्या किकवर. डोळे अर्धे मिटलेले.

मिरी म्हणाली, "मामा, मामा, ऊठ ना!
बोळा काही निघेना,
आणि माझा थेंबू आत!"

मामा म्हणाला, "छे गं बाई, दमलोय मी! किक मारून मारून पायाचा भुगा झाला. माझं जेवणसुद्धा राहिलंय. आता मी उठत नाही. किक हलेल, तेव्हा उठेन."

आणि मामाने दिली मोठ्ठी जांभई. आऽऽऽ! मिरी आत जायची राहिली थोडक्यात.

मिरी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

किक होती गाडीच्या कुशीत. वाकडी, तांबडीलाल गंजलेली.

मिरी म्हणाली, "किकबाई, किकबाई, हल ना!
मामा काही उठेना,
बोळा काही निघेना,
आणि माझा थेंबू आत!"

किक म्हणाली, "छे गं बाई, दमलेय मी! लाथा खाऊन खाऊन अंग आंबलं. गुडघा गंजला. कुईऽऽ करायचीसुद्धा ताकद नाही. आता मी हलत नाही. बुधली तेल ओतेल, तेव्हा हलेन."

मिरी निघाली. गाडीवर चढली. तुरुतुरु, तुरुतुरु.

तेलाची बुधली होती टाकीवर. मामाने तिथेच ठेवलेली. पोट भरलेलं, तोंडाला बूच.

मिरी म्हणाली, "बुधलीबाई, बुधलीबाई, ओत ना!
किक काही हलेना,
मामा काही उठेना,
बोळा काही निघेना,
आणि माझा थेंबू आत!"

बुधली म्हणाली, "छे गं बाई, दमलेय मी! उभी राहून राहून बूड दुखलं. बूच बसलंय घट्ट. माझ्याच्याने काही होत नाही. पक्कड सुटेल, बूच उडवेल, तेव्हा ओतेन."

मिरीने खाली बघितलं. लांबून हाक मारली, "थेंबू!"

"चीं," आवाज आला. पण बारीक.

मिरी निघाली. वायरीला धरून फळीवर चढली. तुरुतुरु... तुरुतुरु...

पक्कड होती फळीवर. पण दिसत नव्हती. दिसत होते नुसते दोन लाल पाय. बाकीची पक्कड कुठे? मोठ्या मऊ पोटाखाली. कुणाचं पोट, ते मिरीने बघितलंच नाही.

मिरी म्हणाली, "पक्कडबाई, पक्कडबाई, सूट ना!
बुधली काही ओतेना,
किक काही हलेना,
मामा काही उठेना,
बोळा काही निघेना,
आणि माझा थेंबू आत!"

पक्कड म्हणाली, "छे गं बाई, दमलेय मी! नट चावून चावून जबडा दुखला. त्यात हे ओझं माझ्या डोक्यावर. मांजर हटेल, तेव्हा सुटेन."

मांजर!

मिरीने वर बघितलं. मिशा! त्यावर नाक! त्यावर दोन पिवळे डोळे!

बाप रे बाप! पळावंसं वाटलं. पण थेंबू आत होता ना. मग? पळून कसं चालेल? आई होती ती.

मिरी म्हणाली, "मावशी... मावशी... हट ना!
पक्कड काही सुटेना,
बुधली काही ओतेना,
किक काही हलेना,
मामा काही उठेना,
बोळा काही निघेना,
आणि माझा थेंबू आत!"

मांजराने एक डोळा उघडला. मांजर म्हणालं, "छे गं बाई, दमलेय मी! तू उंदीर ना? तुला खायला हवं खरं म्हणजे. पण त्यासाठी उठावं लागेल. कोण उठतंय! नंतर बघू. इथे ऊन पडलंय छान. कवडसा सरेल, तेव्हा हटेन."

आणि डोळा मिटला.

मिरीने कान टवकारले. "थेंबू?"

आवाज नाही.

"थेंबू! अरे थेंबू!"

चीं नाही, चूं नाही.

मिरी निघाली. तुरु... तुरु... तुरु...

कवडसा होता मांजराच्या पाठीवर. गोल गोल, पिवळा पिवळा. बसला होता आरामात.

मिरी म्हणाली, "कवडशा, कवडशा, सर ना!
मांजर काही हटेना,
पक्कड काही सुटेना,
बुधली काही ओतेना,
किक काही हलेना,
मामा काही उठेना,
बोळा काही निघेना,
आणि माझा थेंबू आत!"

कवडसा म्हणाला, "छे गं बाई, दमलोय मी! सकाळी भिंतीवर होतो. मग मामाच्या टकलावर होतो. आता कुठे मऊ जागा मिळाली. आता मी सरत नाही. पत्र्याचं भोक बुजेल, तेव्हा सरेन."

हुश्श! दम घ्या जरा. अजून एक चढण आहे.

मिरी निघाली. खांबावरून वर. पाय घसरला, पुन्हा वर. तुरु...... तुरु......

भोक होतं पत्र्यात. कधीतरी खिळा निखळून पडला होता, तिथे. त्यातून आभाळ दिसत होतं, चिमूटभर.

मिरीला बोलवतसुद्धा नव्हतं. तरी म्हणाली. म्हणायलाच हवं ना!

"भोका... भोका... बुज ना...
कवडसा काही सरेना...
मांजर काही हटेना...
पक्कड काही सुटेना...
बुधली काही ओतेना...
किक काही हलेना...
मामा काही उठेना...
बोळा काही निघेना...
आणि माझा थेंबू आत!"

भोक म्हणालं, "छे गं बाई, मी तर नुसतं भोक! मी काय करणार? मला हात नाहीत, पाय नाहीत. कुणी बुजवेल, तर बुजेन."

आता पुढे कुणाकडे जायचं? पुढे कुणी नव्हतंच. वर नुसतं आभाळ.

मिरी खूप दमली. इतकी दमली, इतकी दमली, की तिला रडूसुद्धा येईना. "जाऊ दे बाई," ती म्हणाली, "घटकाभर टेकते."

आणि टेकली. कुठे टेकली? भोकातच!

भोक एवढंसं. मिरी एवढीशी. गच्च बसली! डोकं बाहेर, शेपूट आत.

आणि मग काय झालं, माहितीये?

भोक बुजलं!

भोक बुजलं, तसा कवडसा सरला.

कवडसा सरला, तशी मांजराची पाठ गारठली. "शीऽऽ! किती गार!" मांजराने अंग ताणलं, टुणकन उडी मारली आणि गेलं मामीच्या चुलीकडे.

मांजर हटलं, तशी फळी हलली. पक्कड सुटली. घसर घसर घसर... ठण्ण! पडली बुधलीच्या बुचावर.

बूच उडालं, बुधली लवंडली. तेल निघालं. गळ गळ गळ गळ! टाकीवरून खाली, थेट किकच्या गुडघ्यावर.

किक तेल प्यायली. "हाऽऽ! बरं वाटलं." मामाचा पाय होताच तिच्यावर. किक हलली. कुईऽऽ... खट्टाक!

किक गेली खाली. मामा गेला बादलीवरून खाली. धप्प! "हलली! हलली! अगं, हलली!" मामा उठला.

उठला तो थेट सायलेन्सरकडे. "आता हा बसवून टाकतो." मामाने बोळा धरला. मामाने बोळा ओढला.

फट्ट! बोळा निघाला!

मामाने नळी तिरकी केली. आतून घरंगळत आलं एक काहीतरी. गोल, मऊ, एवढुस्सं. मामाच्या तळहातावर येऊन पडलं. डोळे मिटलेले. हलेना, डुलेना.

"अरेच्चा!" मामा म्हणाला. "उंदीर शिरू नये म्हणून बोळा घातला, आणि उंदीर आतच कोंडला! चुकलंच माझं. आधी बघायला हवं होतं."

मिरीने वरून ऐकलं. मिरी भोकातून सुटली. खांबावरून घसरली. तुरुतुरुतुरुतुरु! कुठला थकवा नि कुठलं काय! सरळ मामाच्या हातावर.

"थेंबू! ए थेंबू! ए माझ्या राजा!"

मिरीने त्याचं नाक चाटलं. कान चाटला. पुन्हा नाक चाटलं.

थेंबूने एक डोळा उघडला. मग दुसरा उघडला. झोपला होता लबाड! वाट बघून बघून झोपला होता.

मामाने मोठ्ठा श्वास सोडला. मग त्याने गाडीचं जुनं सीट आणलं. फाटकं होतं. पण आत मऊ मऊ गादी. ते त्याने कोपऱ्यात ठेवलं, थंडी लागणार नाही असं. "हे तुमचं घर," मामा म्हणाला. "मी गाडीला नवं शिवून घेतलंय. नळीत नका राहू, बाई. उद्या ती धूर सोडेल. आणि इथे कुणी बोळा घालणार नाही. माझा शब्द आहे."

मिरी आणि थेंबू आत शिरले. उबदार होतं. मिरी आडवी झाली. पाय दुखत होते, शेपूटसुद्धा दुखत होतं.

थेंबूने आईकडे बघितलं. नीट बघितलं. कपाळावर धूळ, मिशांना जळमट, पायाला तेल.

"आई," थेंबू म्हणाला, "तू हरवली होतीस?"

मिरीला आधी हसू आलं. मग रडू आलं. मग दोन्ही एकदम आलं.

"हो रे बाळा," ती म्हणाली. "हरवलेच होते मी."

"घाबरू नको हं," थेंबू म्हणाला. "आता मी आहे ना." आणि त्याने आपला इवलासा पाय आईच्या अंगावर टाकला.

मिरी निजली. थेंबू निजला. गोष्टही चालून चालून दमली, ती पण इथेच आडवी झाली. तिला कुणी उठवू नका.